बेलेमच्या बुरुजाचं अडीच युरोचं नाणं: घेण्याआधी काय काय तपासायचं?

फोर्टकर_भाऊ
मंडळी, फोर्टातल्या एका नाणेवाल्याकडे पोर्तुगालचं २००९ सालचं अडीच युरोचं स्मारक नाणं आहे. त्यावर लिस्बनचा बेलेमचा बुरूज आहे. पाकिटावर पेनाने लिहिलंय 'रेअर वॉच टॉवर, सिल्व्हर'. डबी नाही, प्रमाणपत्र नाही. भाव चांदीचा सांगतोय, वर 'रेअर'चा मसाला. प्रश्न तीन:
१) चांदीचं आहे की नाही हे घरच्या घरी कसं ठरवायचं?
२) हे नाणं युरोपात चालतं का, की नुसतं शोभेचं?
३) मुंबईच्या दमट हवेत ठेवायचं कसं?
नाणं अजून घेतलेलं नाही. दोन दिवस तपासायला मिळालंय.

मापात_बोला
आधी वजन, मग गप्पा. अडीच युरोचं साधं नाणं क्युप्रोनिकेलचं (तांबं-निकेलच्या मिश्रधातूचं) असतं: व्यास २८ मिमी, वजन १० ग्रॅम. त्याच चित्राचं चांदीचं प्रूफ (संग्राहकांसाठी आरशासारखं चकचकीत पाडलेलं नाणं) वेगळं निघतं आणि ते डबीतून, प्रमाणपत्रासह विकलं जातं. दोन्हींवरचं चित्र तेच, म्हणून साधं नाणं चांदीचं सांगून खपवणं सोपं जातं. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमच्या टप्प्यांचा काटा इथे कामाचा नाही.

अडकित्ता
डबी असली तरी काय मोठंसं? डब्या सुट्ट्या मिळतात. डबी खरी, प्रमाणपत्र खरं आणि आत साधं नाणं, असाही माल फिरतो.

मापात_बोला
@अडकित्ता, बरोबर. म्हणून डबीवर न जाता नाण्याची घनता काढायची. कृती अशी:

काट्यावर काचेचा लहान पेला ठेवा. नाणं पूर्ण बुडून वर बोटभर पाणी राहील एवढं डिस्टिल्ड वॉटर भरा, तेच, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते. काटा शून्यावर आणा. नाण्याला बारीक दोऱ्याचा फास घाला, पाण्यात पूर्ण बुडवा आणि अधांतरी धरा. तळाला किंवा कडेला टेकू द्यायचं नाही. काटा जो आकडा दाखवेल तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. नाण्याचं कोरडं वजन भागिले हा आकडा, आली घनता.

क्युप्रोनिकेल ८.९ च्या आसपास येतं, ९२५ ची चांदी (हजारात ९२५ भाग चांदी) १०.३ च्या आसपास. फरक इतका मोठा आहे की घरच्या काट्यावरही घोटाळा होत नाही.

घोटाळा होतो तो तीन ठिकाणी. नाणं तळाला टेकलं तर काटा जवळजवळ पूर्ण वजन दाखवतो आणि घनता एकच्या जवळ येते. बुडबुडे चिकटले तर बाजूला सारलेलं पाणी वाढतं आणि घनता कमी भासते. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की बुडबुडे सुटतात. आणि दोरा जाड असला तर तोही पाणी सारतो. शिवणकामाचा एकपदरी धागा पुरे.

कळंक
एक इशारा. नाणं आरशासारखं चकाकणारं प्रूफ वाटत असेल तर पाण्यात घालूच नका. प्रूफची सपाट जागा इतकी नाजूक असते की पुसताना कापसानेही केसाएवढे ओरखडे उठतात. साध्या नाण्याला हरकत नाही, पण बाहेर काढल्यावर मऊ कापडावर ठेवून टिपा, घासू नका.

शेवटची_लोकल
चुंबक लावून बघितलं की झालं! एवढी शाळेतली प्रयोगशाळा कशाला उघडायची?

मापात_बोला
@शेवटची_लोकल, चुंबकाला क्युप्रोनिकेलही चिकटत नाही आणि चांदीही नाही. म्हणजे नेमक्या या प्रश्नाला चुंबकाकडे उत्तर नाही. आत लोखंड असेल एवढंच तो सांगेल. हां, निओडिमियमचा जोरदार चुंबक असेल तर तिरप्या धरलेल्या चांदीवरून तो रेंगाळत घसरतो, क्युप्रोनिकेलवरून पटकन. पण ते जाड चांदीच्या नाण्यावर नीट कळतं. २८ मिमीवर त्याच्या भरवशावर पैसे लावू नका.

वेसावकर
चुंबकाची उलटी बाजूपण सांगा की. चिकटलं म्हणजे नकली, असंही नसतं. इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटाची एक पेनी बघा, १९८३ पासून तिच्यावर 'ल हॉक'चा गोल टेहळणी बुरूज आहे. सुरुवातीची ब्राँझची, ती चुंबकाला दाद देत नाही. नंतरची तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची, ती टपकन चिकटते. दोन्ही अस्सल. व्यास २०.३ मिमी, वजन ३.५६ ग्रॅम.

आणि हीच पेनी आपल्याकडे 'वॉच टॉवर कमेमोरेटिव्ह' म्हणून विकली जाते! ते स्मारक नाणं नव्हे, तिथलं रोजच्या वापरातलं सुट्टं आहे. पाच पेन्सवर सीमोर टॉवर, तोही तसाच रोजचा. नाण्यावर इमारत दिसली की स्मारक म्हणायचं, ही सवय सोडली पाहिजे.

सात_बेटे
+१. जर्सीचे हे बुरूज अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रेंच उतरतील या भीतीने बांधले. गव्हर्नर हेन्री सीमोर कॉनवे याने किनाऱ्यावर ३० बुरुजांची योजना मांडली होती, प्रत्यक्षात त्याहून कमी झाले. सीमोर टॉवर १७८२ चा, किनाऱ्यापासून दूर खडकावर, आणि बाकीचे गोल असताना हा चौकोनी. नाण्यांवर हा फरक बरोबर उतरलाय.

टांकसाळ_गल्ली
आता प्रश्न दुसरा. युरोत दोन प्रकार आहेत आणि इथले विक्रेते ते कायम एकत्र कालवतात.

पहिला, दोन युरोचं स्मारक नाणं. माप नेहमीच्या दोन युरोचंच, २५.७५ मिमी आणि ८.५ ग्रॅम. फक्त एका बाजूचं चित्र वेगळं. हे सगळ्या युरो देशांत दुकानात चालतं. (यात मधला गाभा निकेलचा थर असल्याने चुंबकाला हलका ओढला जातो. बाहेरचं कडं नाही. वेसावकरांच्या मुद्द्याला जोड.)

दुसरा, संग्राहकांसाठीची नाणी. यांचं दर्शनी मूल्य मुद्दाम रोजच्या नाण्यांत नसलेलं ठेवतात, म्हणून अडीच, पाच, दहा युरो असे आकडे. ही फक्त ज्या देशाने काढली त्याच देशात कायदेशीर. तुमचं अडीच युरोचं नाणं पोर्तुगालात कागदोपत्री चालेल, शेजारी स्पेनमध्ये चहावालाही घेणार नाही. आणि मुंबईतले परकीय चलन बदलणारे बहुधा सुट्टी नाणी घेतच नाहीत, मग ती कुठलीही असोत.

म्हणजे किंमत दोनच गोष्टींची: धातू आणि हौस. धातू क्युप्रोनिकेल निघाला तर उरली हौस.

अडकित्ता
अडीच युरो म्हणजे आपल्या सव्वा रुपयासारखं. भटजींना दक्षिणा द्यायला उत्तम.

गेंडास्वामी
नाण्यापेक्षा बुरूज भारी आहे, आणि त्याचं आपल्या बाजूशी थेट नातं आहे. बांधकाम साधारण १५१४ ते १५१९, स्थपती फ्रान्सिस्को दे अरुदा. त्याच काळात गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क याने दीवला किल्ला बांधायची परवानगी मागायला गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाकडे वकील पाठवले. सुलतानाने किल्ल्याला नाही म्हटलं आणि भेट म्हणून गेंडा दिला! तो गोव्याहून जहाजाने निघाला आणि २० मे १५१५ ला लिस्बनला उतरला. जर्मन चित्रकार ड्यूररचं ते प्रसिद्ध गेंड्याचं चित्र याचंच, गेंडा न पाहता काढलेलं. बेलेमच्या एका कोपऱ्यातल्या टेहळणी-घुमटीखाली दगडात गेंडा कोरलाय. आज तो इतका झिजलाय की माहीत नसेल तर दगडाचा गोळा वाटतो.

शेवटची_लोकल
म्हणजे किल्ल्याची जागा मागितली आणि गेंडा मिळाला. म्हाडाच्या लॉटरीत नाव न लागलेल्यांना थोडा धीर आला.

फोर्टकर_भाऊ
गेंडा नाण्यावर दिसतो का मग? भिंग घेऊन बसतो.

गेंडास्वामी
२८ मिमीत अख्खा बुरूज बसवायचा, त्यात तो घुमटीखालचा गोळा कुठे शोधताय! भिंग लावाच, पण अक्षरांसाठी.

कळंक
भिंगाचं नीट सांगतो. १० पटीचं भिंग, उजेड एका बाजूने. ठोकून पाडलेल्या नाण्यावर अक्षरांचे कंगोरे तीक्ष्ण असतात आणि अक्षर जिथे सपाटीला भिडतं तिथे रेघ स्वच्छ दिसते. ओतीव नकलेत तिथे मेण वितळल्यासारखी गोलाई येते, सपाटीवर बारीक पुळ्या किंवा खड्डे दिसतात. मग कड बघा. दाते एकसारखे हवेत. कडेच्या मधोमध सांध्याची रेघ किंवा ती घासून काढल्याची खूण दिसली तर नाणं परत करा.

आणखी एक झटपट कसोटी. बोटांच्या चिमटीत वर-खाली धरा आणि उभ्या अक्षावर फिरवा, पान उलटतो तसं. युरो नाण्यांत दुसरी बाजूही सुलटी यायला हवी. उलटी किंवा तिरपी आली तर संशय घ्या.

आपटून 'खणखणीत' आवाज ऐकायची जुनी पद्धत मात्र नको. काठाला ठेच लागली की नाण्याची निम्मी किंमत तिथेच गेली.

सात_बेटे
अवांतर: बेलेमला 'कोस्टल वॉच टॉवर' म्हणणं अर्धवट आहे. तो तेजो नदीच्या मुखावर आहे आणि नुसती टेहळणी नव्हे, तर तोफांचा मारा हे त्याचं काम. पलीकडच्या काठावर कापारिकाला दुसरा बुरूज होता, दोघांच्या माऱ्यात जहाज सापडावं ही कल्पना. पुढे जकात नाकं, तुरुंग, तारघर, दीपगृह असं सगळं होऊन गेलं तिथे.

आपल्याकडे हीच जोडी माहीमच्या खाडीवर. एका टोकाला माहीमचा किल्ला, दुसऱ्या टोकाला वांद्र्याचा, 'कास्तेला दे आग्वादा', १६४० चा. आग्वादा म्हणजे जहाजांना गोडं पाणी भरायची जागा. तिथे झरा होता म्हणून ते नाव. गोव्याच्या आग्वादाचंही तेच.

वेसावकर
मग वांद्र्याच्या किल्ल्याचं नाणं का नाही निघत आपल्या टांकसाळीतून? मुंबईत टांकसाळ, मुंबईत किल्ले. वरळी, शिव, शिवडी, काळा किल्ला, रांगच आहे.

टांकसाळ_गल्ली
निघू शकतं, पण वाट लांब आहे. स्मारक नाण्याचा निर्णय अर्थ मंत्रालयाचा आर्थिक कार्य विभाग घेतो, टांकसाळ फक्त पाडते. नाणेकायदा २०११ खाली राजपत्रात अधिसूचना निघते आणि त्यात व्यास, धातूंचं प्रमाण, कडेच्या दात्यांची संख्या, दोन्ही बाजूंचं वर्णन, सगळं असतं. पहिलं स्मारक नाणं १९६४ चं, नेहरूंचं. तेव्हापासून बहुतेक नाणी माणसांची, संस्थांची किंवा शताब्दीची. नुसता किल्ला म्हणून नाणं मागितलं तर पहिला प्रश्न येणार, 'निमित्त काय?'. १६४० ला धरून ४०० वर्षं २०४० ला होतात. तोवर अर्ज लिहायला भरपूर वेळ आहे.

कळंक
आणि चित्राची अडचण आहेच. पुढची बाजू अशोकस्तंभ, 'सत्यमेव जयते', भारत, रुपयाचं चिन्ह आणि मूल्य यांनी व्यापलेली. उरते मागची. तिथे देवनागरीत एकदा आणि इंग्रजीत एकदा नाव, खाली वर्ष. दहा रुपयांचं नाणं २७ मिमीचं, त्यातही स्मारक चित्र बहुधा मधल्या गाभ्यात. वांद्र्याच्या किल्ल्याचं उरलेलं बांधकाम म्हणजे खडबडीत दगडी भिंत. एवढ्या कमी उठावात दगडी भिंत कोरली की ती विटकरीच्या चुऱ्यासारखी दिसते. बेलेमचं चांगलं उतरतं कारण त्याला घुमट्या आहेत, कंगोरेदार कठडे आहेत, बाह्यरेषा लांबून ओळखू येते. अर्नाळ्याचा किल्ल्याबाहेरचा सुटा गोल बुरूज घेतला तर नाण्यावर जास्त शोभेल.

शेवटची_लोकल
दहाचं नाणं काढलंच तर दुकानदार घेणार का? सव्वीस जानेवारीच्या झेंड्याखाली उभं राहूनसुद्धा 'दस का सिक्का नहीं चलता' म्हणतात.

टांकसाळ_गल्ली
चालतं. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की तोवरच्या दहाच्या चौदाही नमुन्यांची नाणी वैध आहेत. रुपयाचं चिन्ह असलेलं नि नसलेलं, दोन्ही.

भारतीय स्मारक नाण्यांत धातूचा घोळ वेगळाच आहे, तोही इथे नोंदवतो. ४४ मिमीचं ३५ ग्रॅमचं जे शंभर रुपयांचं वगैरे 'चांदीचं' नाणं मिळतं, ते बहुतेक चार धातूंचं असतं: ५०% चांदी, ४०% तांबं, ५% निकेल, ५% जस्त. म्हणजे ३५ ग्रॅममध्ये चांदी साडेसतरा ग्रॅम. विक्रेता मात्र ३५ ग्रॅमचा भाव लावतो. नवीन संसदेचं २०२३ चं ७५ रुपयांचं नाणंही याच मिश्रणाचं. अलीकडची काही वेगळ्या धातूची आहेत, म्हणून प्रत्येक नाण्याची अधिसूचना वाचायची. ती फुकट मिळते.

अडकित्ता
'आपका पुराना सिक्का लाखों में' वाल्यांचं पण सांगून टाका एकदा.

टांकसाळ_गल्ली
कोणी जुन्या नाण्याच्या विक्रीवर रिझर्व्ह बँकेच्या नावाने आधी कमिशन किंवा कर मागत असेल तर फोन ठेवा. बँक असले व्यवहार करत नाही. तसं त्यांनी २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय.

कळंक
तिसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात लावला नाही. मुंबईत नाणी चोर नेतात त्यापेक्षा जास्त पाकीट खातं.

नाणं ज्या मऊ, लवचीक, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात मिळालं असेल ते पीव्हीसी. दमट उन्हाळ्यात त्यातून क्लोरिनयुक्त आम्ल सुटतं आणि तांब्याच्या मिश्रधातूवर हिरवा चिकट थर येतो. क्युप्रोनिकेलमध्ये तीन चतुर्थांश तांबं असतं, तेव्हा तेही सुटत नाही. थर ताजा असेल तर शुद्ध अॅसिटोनने जातो. काचेच्या वाटीत नाणं बुडवून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, अॅसिटोन बदलून पुन्हा एकदा, मग हवेवर सुकवा. खिडकी उघडी, गॅस बंद, कारण ते भडकन पेटतं. प्लॅस्टिकची वाटी घेऊ नका, विरघळून नाण्यावर बसेल.

शेवटची_लोकल
घरात नेलपॉलिश रिमूव्हर आहे, चालेल का?

कळंक
नाही. त्यात तेल, सुगंध, रंग असतात, ते नाण्यावर राहतात. शुद्ध अॅसिटोन प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडे मिळतं. आणि ते काळपटपणा काढत नाही, फक्त चिकटा काढतं. काळपटपणा काढायचाच नसतो.

पितांबरी, चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट यांतलं काहीही नाही. देवघरातली समई आणि नाणं यांत फरक आहे. समई घासली की उजळते, नाणं घासलं की संपतं.

मापात_बोला
ठेवण्याबद्दल माझी भर. चौकोनी पुठ्ठ्याचे होल्डर मिळतात, मायलरची (पातळ पारदर्शक पॉलिएस्टरची) खिडकी असलेले. खिडक्यांची मापं २७.५, ३०, ३२.५ मिमी अशी येतात. २८ च्या नाण्याला २७.५ पुरत नाही, काठ पुठ्ठ्यावर चढतो, म्हणून ३० घ्या. पिना मारल्यावर पकडीने चपट्या करा, नाहीतर शेजारच्या होल्डरची खिडकी फाडतात. उघडताना पिना ओढून काढू नका, पुठ्ठा कात्रीने कापा. पिनेचं टोक नाण्यावरून फिरल्याच्या खुणा बाजारात इतक्या दिसतात की विचारू नका.

डबा घट्ट झाकणाचा. पाच लिटरच्या डब्याला ५० ते १०० ग्रॅम सिलिका जेल, रंग बदलणारी. नारिंगी हिरवी झाली की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास, किंवा मंद आचेवर कढईत. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा बघा. रबर बँड, वर्तमानपत्र, प्लायवूडचा कप्पा, तिन्ही बाद. रबर आणि कागदातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

गेंडास्वामी
थोडक्यात, लोणच्याची बरणी जशी जपतो तशी.

वेसावकर
लोणच्याला ओला चमचा चालत नाही, नाण्याला ओला हात. काठाला धरायचं, सपाटीवर बोट टेकवायचं नाही. घामाचा ठसा महिन्याभरात धातूत उतरतो आणि मग कशानेच जात नाही.

फोर्टकर_भाऊ
मापं घेतली. कोरडं वजन ९.९७ ग्रॅम. व्यास २८.० मिमी. पाण्यातला आकडा तीनदा घेतला: १.१२, १.१३, १.१२. भिंगाखाली अक्षरं तीक्ष्ण, कडेला सांधा नाही, फिरवल्यावर दुसरी बाजू सुलटी. पाकीट मऊ आणि वासाचं आहे, काठापाशी किंचित हिरवट.

मापात_बोला
९.९७ भागिले १.१२ म्हणजे ८.९. अस्सल, आणि अस्सल क्युप्रोनिकेल. चांदी नाही. पाकिटावरचा 'सिल्व्हर' हा शब्द रंगाबद्दल असेल तर बरोबर आहे.

टांकसाळ_गल्ली
'रेअर'ही सोडा. साधं नाणं आहे, डबीशिवाय. अडीच युरोचे रुपये करा, आणायचा खर्च आणि विक्रेत्याचा रास्त नफा धरा आणि तिथे थांबा. हिरवटपणाबद्दल घासाघीस करायला हक्क आहे तुम्हाला.

फोर्टकर_भाऊ
चांदीचा भाव निघाला त्याच्या तोंडून, पण आकडे दाखवल्यावर 'चलो, साधा समझ के ले लो' वर आला. घेतलं. होल्डरवर काय लिहू?

कळंक
'पोर्तुगाल, २००९, अडीच युरो, तोरे दे बेलेम, क्युप्रोनिकेल, ९.९७ ग्रॅम' आणि कुठल्या महिन्यात घेतलं ते. आधी अॅसिटोन, नाणं पूर्ण सुकू द्या, मग होल्डर. आणि लिहायचं ते नाणं आत घालायच्या आधी. नंतर लिहिलंत तर बॉलपेनचा दाब खिडकीजवळ जातो आणि ओली शाई मायलरला लागते.